आलेलं धाकट्याचं, पाठवलेलं वहिनींचं

रेडिमेड कपडे ज्यांना बसत नाहीत अशी माणसं सगळीकडे असतात. कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणाची पाठ वाकलेली, कुणाचा एक पाय आखूड, कुणाला मान जवळजवळ नाहीच. मोठ्या दुकानात गेली की ही माणसं आरशासमोर फार वेळ थांबत नाहीत. विकणारा "छान दिसतंय" म्हणतो आणि दुसरीकडे बघतो. अशी माणसं फिरून फिरून शेवटी मास्तरांच्या दुकानात यायची.

सुतार लाकडाकडे बघतो तसे मास्तर त्यांच्याकडे बघायचे. "खांदा कधीपासून उतरलाय?" असं सरळ विचारायचे. वर म्हणायचे, "लपवायचा की मिरवायचा, ते आधी सांगा. दोन्हीला कापड तेवढंच लागतं." माणूस ओशाळायचा, मग हसायचा आणि पुढचा कोट शिवायला परत त्यांच्याकडेच यायचा.

दुकान दोन भावांचं होतं. मास्तर थोरले. माप घेणं, फर्मा काढणं, कापड कापणं त्यांच्याकडे. धाकटा भाऊ मशीनवर बसायचा आणि तोंडानं गोड असल्यामुळे गिऱ्हाइकांशी बोलायचं कामही त्याच्याकडेच. मास्तरांची बायको काज-बटणं, अस्तर आणि इस्त्री बघायची. तिला सगळे वहिनी म्हणायचे. धाकट्याची ती वहिनी होती म्हणून गिऱ्हाइकांचीही झाली. कधी लहर आली तर मास्तरही दुकानात "अहो वहिनी, इस्त्री तापली का?" म्हणून हाक मारायचे, आणि त्या गरम इस्त्री दाखवून म्हणायच्या, "तापलीय. देऊ का हातावर?"

फर्मा म्हणजे खाकी कागदावर काढून कापलेले कपड्याचे भाग. पाठ, पुढा, बाही, कॉलर. सरळ अंगाच्या माणसाचा फर्मा दुसऱ्या सरळ माणसाला थोड्या फरकानं चालून जातो. वाकड्या माणसाचा त्याचा त्यालाच. म्हणून मास्तर ते फर्मे सुतळीनं बांधून माळ्यावर जपून ठेवायचे. एका वर्षी माळ्याला वाळवी लागली. कळलं तेव्हा वहिनींनी एक गठ्ठा उचलला, तर हातात नुसती सुतळी आली आणि खाली भुसा पडला. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत.

दूर नोकरी करणारी लेक सुट्टीला आली होती. तिनं बापाच्या फोनवर मेलचं खातं उघडून दिलं. "फर्म्याचा फोटो काढायचा आणि स्वतःलाच पाठवायचा. फोन हरवला, फुटला, पाण्यात पडला तरी फोटो तिथं राहणार."

"स्वतःलाच पत्र लिहायचं?" मास्तर म्हणाले. "लोक वेड लागलं म्हणतील."

"पत्र नका समजू. कपाट समजा, बाबा."

"वाळवी?"

"नाही लागत."

मास्तरांनी त्यावर आपली पद्धत बसवली. एका मोठ्या पांढऱ्या फळीवर त्यांनी इंचाइंचाच्या चौकड्या आखल्या. फर्मा फळीवर पसरायचा, वरून फोटो घ्यायचा. पुढं केव्हाही फोटोतल्या चौकड्या मोजून खाकी कागदावर तोच फर्मा होता तेवढा काढता यायचा. फक्त खाकी कागद गुंडाळून आणलेला असायचा, त्याचं एक टोक सारखं वर उठायचं. ते मास्तर डाव्या अंगठ्यानं दाबून धरायचे आणि वहिनी फोटो काढायच्या. तरुणपणी त्या अंगठ्यावर लोखंडी इस्त्री पडली होती. नख काळं पडून मधून चिरलेलं, किड्याच्या पाठीसारखं. प्रत्येक फोटोत कोपऱ्यात तो अंगठा आला.

"बाबा, अंगठा बाजूला घ्या ना," लेक फोनवर म्हणायची.

"अंगठा काढला की कागद उडतो. तू तिथून फुंकर मारू नकोस."

मेलवर नाव घालायचं काम वहिनींचं. त्यांना अक्षरं उशिरा आली, आणि खरं म्हणजे अशीच आली. मास्तर सांगायचे, त्या एकेक अक्षर शोधून दाबायच्या. 'कंडक्टर डावा खांदा.' 'पोस्टातले आखूड पाय.' 'बिनमानेचे वकील.' त्याआधी बँकेच्या कागदावर त्या अंगठा उठवायच्या. पहिली सही केली त्या दिवशी मास्तर म्हणाले, "चला, आता घरात अंगठा फक्त माझाच."

पाठवलं की थोड्या वेळानं त्याच फोनवर टिंग वाजायचं. मास्तर मान वर न करता म्हणायचे, "आलं बघ घरी."

दुकानाचा आणखी एक रिवाज सांगायला हवा. संध्याकाळी शटर ओढण्याआधी चिंध्यांची टोपली रिकामी करायची. मास्तरांच्या उमेदीत शेजारचं एक दुकान इस्त्रीतला निखारा चिंध्यांत पडून जळलं होतं. तेव्हापासून टोपलीत चिंधी ठेवून कुणी घरी गेलं नाही. ते काम वहिनींचं, आणि ती सवय त्यांनी फोनलाही लावली. मेल गेलं की फोनमधला मूळ फोटो पुसायचा. एखादा फोटो हलला, अस्पष्ट आला, की तो मेलवरूनही काढून टाकायचा आणि लगेच कचरापेटीही रिकामी करायची. लेक हसायची. "आई, ती पेटी महिन्यानं आपोआप रिकामी होते."

"महिनाभर चिंध्या घरात ठेवायच्या?" वहिनी म्हणायच्या. "शोभतं का?"

वाळवीनंतरची मास्तरांची सगळी वर्षं त्या मेलमध्ये जाऊन बसली. कागदाचे फर्मे मग कुणी जपले नाहीत. काम झालं की त्याच कागदातून खिशाचे, पट्ट्यांचे, कॉलरचे छोटे नमुने कापले जायचे. मास्तर गेले तेव्हा दुकानात त्यांच्या हातचा एकही पुरा फर्मा कागदावर नव्हता. सगळे मेलवर होते, अंगठ्यासकट.

वर्षश्राद्ध उरकलं आणि धाकटा म्हणाला, "वहिनी, आता आपण वेगळं झालेलं बरं."

"काय बिघडलं, भावजी?"

"बिघडायच्या आधीच म्हणतोय."

 वहिनींना माहीत होतं की धाकट्यानं मोठ्या रस्त्यावर काचेचा दर्शनी भाग असलेला गाळा बघून ठेवला आहे. अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

वाटणीला सासूबाईंचे भाऊ आले, म्हणजे सगळ्यांचे मामा. त्यांनी नोकरीभर लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या आणि नातेवाइकांच्या वाटण्या म्हणजे त्यांचा निवृत्तीनंतरचा विरंगुळा होता. ते स्टुलावर बसले, चष्मा कपाळावर चढवला आणि दुकानाकडे शेताकडे बघावं तसं बघायला लागले.

मोटरची मशीन धाकट्याला, पायाची वहिनींना. जुना गाळा वहिनींना, कापायचं लांब टेबल धाकट्याला. कात्री दोघांनाही हवी होती, तेव्हा मामा म्हणाले, "कात्रीला दोन पाती असतात, पण मी ती वेगळी करणार नाही," आणि ती वहिनींना दिली. चौकड्यांची फळी कुणी मागितली नव्हती. धाकटा म्हणाला, "ती मी नेतो. मागच्या बाजूनं रंग दिला की दुकानाला पाटी होईल." वहिनींनी मान हलवली. फोटो होते, फळीचं काय एवढं.

"आता ते मेल का काय ते राहिलं," मामा म्हणाले. "ते कुणाचं?"

"फर्मे ह्यांनी काढलेत," वहिनी म्हणाल्या.

"आणि शिवलेत मी," धाकटा म्हणाला. "दादा नुसते कापून ठेवत होते का? ते कोट काय आपोआप उभे राहिले?"

"मी कुठं तसं म्हटलं?"

"म्हटलं नाही, पण सुरात आलं."

"भांडू नका. दाखवा इकडे." मामांनी फोन घेतला आणि चष्मा खाली आणला. बराच वेळ त्यांचं बोट वर-खाली होत राहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "अरे, इथं 'आलेलं' असं लिहिलंय. त्यात कंडक्टर, वकील, पोस्टवाला, सगळे आहेत. आणि इथं 'पाठवलेलं.' त्यातही कंडक्टर, वकील, पोस्टवाला. म्हणजे दोन-दोन आहेत की."

धाकट्यानं वाकून बघितलं. "असणारच. दादा स्वतःच पाठवायचे आणि स्वतःलाच यायचं. पाठवलं ते एक, आलं ते दुसरं."

"मग मघापासून भांडता कशाला? सबंध वाटणीत ही एकच गोष्ट अशी निघाली की कुणाचं काही कमी होत नाही." मामांना इतका आनंद झाला की त्यांनी चहा मागवला. "बोला, कुणाला काय?"

"ह्यांनी पाठवलेलं मला द्या," वहिनी म्हणाल्या.

"मला काय, कुठलंही चालेल," धाकटा म्हणाला.

"ठरलं तर. आलेलं धाकट्याचं, पाठवलेलं सूनबाईचं. खातं दोघांच्याही फोनवर राहू दे. पण एक नियम. आपला भाग आपण बघायचा. दुसऱ्याच्या भागात डोकवायचं नाही, बोट लावायचं नाही. बांध म्हणजे बांध."

सगळ्यांनी चहा घेतला. लेकीला फोन करून विचारावं, असं एकाच्याही मनात आलं नाही. वाटणीच्या वेळी मुलींना कोण विचारतं.

धाकट्याचं दुकान थाटात सुरू झालं. फळीच्या मागच्या बाजूवर रंगाऱ्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मास्तरांचा हात.' वहिनींनी ती पाटी जाताजाता बघितली. हात तर होताच, फळीच्या आतल्या बाजूच्या चौकड्यांत. भिंतीकडे तोंड करून.

जुन्या गाळ्यात वहिनी एकट्या राहिल्या. जन्मभर त्यांनी कापलेलं कापड हातात घेतलं होतं, कापायला कापड कधी घेतलं नव्हतं. पहिल्यांदा कात्री चालवायची वेळ आली ती आखूड पायाच्या पोस्टवाल्याच्या पँटवर. त्यांनी 'पाठवलेलं' उघडलं, त्याच्या फर्म्याचा फोटो शोधला, खाकी कागदावर पट्टीनं चौकड्या आखल्या आणि एकेक चौकडी बघत रेघ पुढे नेली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते बारीक बघून. पोस्टवाला पँट घालून दुकानातच चार पावलं फिरला. "अगदी मास्तरांसारखी," म्हणाला. वहिनी म्हणाल्या, "मास्तरांचीच आहे. मी फक्त गिरवली."

तेव्हापासून त्यांना धीर आला. वाकडी माणसं काही इकडे, काही तिकडे अशी वाटली गेली आणि वहिनींचं भागू लागलं. फोटोवर दोन बोटं ठेवून ती फाकवली की तो मोठा होतो हे त्यांना ठाऊक होतं. चौकड्या मोजायला त्या तो मोठा करायच्या. कधीकधी चौकड्या मोजून झाल्यावर फोटो कोपऱ्याकडे सरकवायच्या, अंगठा पुरा फोनभर होईपर्यंत. नखाची चीर, शेजारची सुईची भोकं, सगळं दिसायचं. मास्तरांचे तसे फोटो दोनच, एक लग्नातला आणि एक ओळखपत्रावरचा, आणि दोन्हीत ते दुसऱ्याच कुणासारखे दिसायचे. हा अंगठा मात्र त्यांचाच होता.

मग एके दिवशी कंडक्टर आला. जन्मभर तिकिटांची पिशवी अडकवून डावा खांदा उतरलेला. आता निवृत्त होत होता. निरोपाच्या समारंभाला नवा कोट हवा म्हणून पाटी वाचून तो धाकट्याकडे गेला होता. तोच कोट आता अंगात घालून तो वहिनींच्या दारात उभा राहिला.

"वहिनी, जरा बघा. मी कोटाच्या आत आहे की बाहेर?"

वहिनींनी बघितलं. डावा खांदा उशी भरल्यासारखा फुगला होता. उजव्या बाजूला कापड लोंबत होतं. बाही जोडतात तिथला मुंढा काखेत इतका आवळला होता की हात वर केला तर अख्खा कोट हाताबरोबर वर जात होता.

"असा घालून गेलात तर निरोप लवकर देतील," त्या म्हणाल्या.

"हसा. मीही घरी हसलो. मग त्यांच्याकडे गेलो, तर म्हणतात, आम्ही काही बदललं नाही, फर्मा मास्तरांचाच आहे. दाखवलाही मला. छान छापलेला. म्हणाले, चूक झाली असेल तर मूळ मापातच झाली असेल, दादांची नजर शेवटी शेवटी राहिली नव्हती."

वहिनींच्या हातातली सुई थांबली. "कोण म्हणालं?"

"तुमचे दीर. आणखी चार गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यासमोर." कंडक्टरनं कोट काढून इस्त्रीच्या टेबलावर टाकला. "मला ते पटलं नाही. पण ऐकणाऱ्यांना पटलं असेल."

"ठेवा इथं. करून देते."

"फर्मा आहे ना तुमच्याकडे?"

"आहे. माझ्या भागात आहे."

कंडक्टर गेला. भर दुपार होती, गल्लीत कुणी नव्हतं. वहिनींनी तो कोट उलटा केला. आतली शिवण बघितली. शिवण सरळ होती, मशीनवर धाकट्याचा हात चांगलाच होता. कापणंच चुकलं होतं, आणि तेही थोडंथोडकं नाही. असा फर्मा मास्तरांनी झोपेतही काढला नसता. आणि तो माणूस चारचौघांत बसून म्हणत होता की दादांची नजर राहिली नव्हती. शेवटच्या आजारातही मास्तर खाटेवरून बघून सांगायचे की नर्सचा एक बूट झिजलाय.

त्यांनी फोन घेतला. बांधापलीकडे त्या आजवर एकदाही गेल्या नव्हत्या. आज गेल्या. 'आलेलं' उघडलं. कंडक्टर, वकील, पोस्टवाला, सगळे ओळीनं. नाव माझ्या नवऱ्याचं, चूक तुझी आणि दोषही त्यांच्याच माथी. असं असेल तर तुझ्याकडे फर्मे नकोतच. माझे माझ्याकडे आहेत. सगळ्यांवर एकदम खूण कशी करायची हे लेकीनं कधीतरी शिकवलं होतं. त्यांनी खूण केली आणि काढून टाकलं. फोननं विचारलं, नक्की? त्यांनी नक्की म्हणून सांगितलं.

मग हात आपसूक पुढे गेला. कचरापेटी भरलेली दिसत होती. ती त्यांनी रिकामी केली.

बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, बरंच वाटलं. त्यांनी चहा केला, प्याला, खाकी कागद पसरला, चौकड्या आखल्या आणि कंडक्टरचा फर्मा काढायला 'पाठवलेलं' उघडलं.

तिथं एकच ओळ होती. इथं काही नाही.

वहिनींना वाटलं, नेट गेलं. त्या फोन घेऊन दारात आल्या, रस्त्यापर्यंत गेल्या. फोन बंद करून चालू केला. इथं काही नाही. मग त्यांनी लेकीला फोन लावला आणि झालं ते सगळं सांगितलं. 

"आई, ते दोन नव्हते गं."

"होते. मामांनी बघितले. आम्ही सगळ्यांनी बघितले."

"एकच मेल होतं. स्वतःच स्वतःला पाठवलं की ते दोन्हीकडे दिसतं. एका खोलीला दोन दारं असतात तसं. तू एका दारातून सामान बाहेर काढलंस तर दुसऱ्या दारातून कसं दिसेल?"

"मग परत आण. तूच म्हणायचीस ना, तिथलं कुठं जात नाही."

"कचरापेटीत असतं तर आणलं असतं." लेकीला आईची सवय आठवली. "ती रिकामी केलीस?"

वहिनींनी टेबलाखालच्या टोपलीकडे बघितलं.

"आई?"

"टोपली ठेवून घरी जायचं नसतं," त्या म्हणाल्या.

लेक रडायला लागली. तिचंही त्यात काही होतंच. वहिनींनी तिला "ठेव आता, खर्च होतो" म्हणून फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी त्या धाकट्याच्या दुकानात गेल्या. रात्रभर त्यांनी मनाशी एकच धरून ठेवलं होतं. त्यानं छापून घेतलेत, कंडक्टरनं डोळ्यांनी पाहिलेत. म्हणजे त्याच्याकडे आहेत. पाया पडावं लागलं तरी चालेल, पण एकेक प्रत मागून आणायची. मास्तरांसाठी त्या धाकट्याच्याही पाया पडायला तयार होत्या.

"या वहिनी, या. वाट चुकलात?" धाकट्यानं खुर्ची पुढे केली. काचेत उभा असलेला पुतळा चांगला सरळ अंगाचा होता.

"भावजी, फर्म्यांची छापील वही बघायची होती."

"का? तुमच्याकडे तुमचे आहेत ना?"

"दाखवा तर."

त्यानं जाडजूड फाइल काढून समोर ठेवली. कौतुक व्हावं असंच त्याच्या मनात असणार. वहिनींनी पहिलं पान उघडलं. दुसरं उघडलं. मग भराभर उलटत गेल्या. प्रत्येक पानावर पांढऱ्याशुभ्र कागदाच्या मधोमध फर्म्याचा आकार होता, स्वच्छ, एकटा. खाली फळी नव्हती. चौकड्या नव्हत्या. कोपऱ्यात काही नव्हतं.

"हे काय केलंत?"

"छान केलंय की नाही? छापणाऱ्याकडे एक माणूस आहे, कॉम्प्युटरवर बसून त्यानं एकेक साफ करून दिलं. दादांच्या त्या रेघा, तो काळा अंगठा, गिऱ्हाइकाला दाखवायला कसंतरी वाटायचं."

"चौकड्या पुसल्यात, मग माप कशावरून घेता?"

"अंदाजानं. शिवतोय इतकी वर्षं, अंदाज येतो." तो जरा चिडला. "आणि अगदीच अडलं तर मूळ फोटो आहेत की मेलवर. माझ्या भागात. म्हणून तर इथं दोनदा ठेवले नाहीत, छापणाऱ्यालाही काम झाल्यावर पुसायला सांगितले."

"नाहीत."

"काय नाहीत?"

"मेलवर नाहीत. मी काल काढून टाकले."

धाकट्यानं फोन काढला. बराच वेळ तो फोनकडे बघत राहिला. काचेबाहेरून कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, दोघं मिळून काहीतरी वाचताहेत.

"वहिनी, हा माझा भाग होता."

"हो."

"मामांनी सांगितलं होतं, बोट लावायचं नाही."

"हो, सांगितलं होतं."

"मग तुमचा? तुमचा द्या मला. मी मागतो, बास. द्या."

"माझाही त्यातच गेला. ते एकच होतं."

धाकटा खाली बसला. आधी त्याला कळलं नाही, मग कळलं, आणि मग त्याच्या तोंडाची गोडी पार उतरली. "आता मी कशावरून कापायचं?"

"आजवर कशावरून कापत होतात?" वहिनी म्हणाल्या. "कापा तसंच. आणि चुकलं की सांगा, दादांची नजर गेली होती."

त्यानं वर बघितलं नाही. "ते मी आपलं असंच बोललो होतो," एवढंच तो हळू म्हणाला. "गिऱ्हाईक अंगावर आलं होतं."

वहिनींनी फाइल पुन्हा पहिल्यापासून उलटायला घेतली. साफ करणारा माणूस कुठंतरी चुकला असेल. एवढी पानं, एखाद्या पानावर दमला असेल, कंटाळला असेल. शेवटाकडच्या एका पानाच्या कोपऱ्यात, अगदी कडेला, तपकिरी अर्धगोल दिसला. त्या उठल्या आणि ते पान उजेडाला धरलं.

"तो चहाचा डाग आहे," धाकटा म्हणाला. "कप ठेवला होता मी."

कंडक्टर ठरल्या दिवशी आला. वहिनींनी कोटाचे खांदे उसवून ठेवले होते. त्यांनी त्याला कोट उलटा घालायला लावला आणि त्याच्या अंगावरच कापड ओढून, सोडून, टाचण्या लावत गेल्या. फर्मा नव्हता, तेव्हा माणूसच फर्मा. अशानं चालतो कोट. मास्तरांच्या हातचा दिसत नाही, पण घालून चारचौघांत जाता येतं. आपल्याला त्यातल्या त्यात समजावं म्हणून त्यांनी एका खाकी तुकड्यावर खांद्याची रेघ मारून घेतली.

"तो कागद ठेवा जपून," टाचण्या सांभाळत कंडक्टर म्हणाला. "फोटो काढून ठेवा, मास्तर ठेवायचे तसा. पुढच्या कोटाला लागेल."

"पुढचा कोट कधी शिवताय?"

"बघू. पोरीचं काही ठरलं तर."

"तोवर खांदा आणखी उतरलेला असेल तुमचा. कशाला ठेवायचा?"

कंडक्टर आरशात त्यांच्याकडे बघत राहिला. "मास्तरही असंच तोंडावर बोलायचे," तो म्हणाला. "पण त्यांचं ऐकून हसू यायचं."

"हो," वहिनी म्हणाल्या. "हात वर करा."

संध्याकाळी त्यांनी टेबल झाडलं. कापडाचे तुकडे, दोरे, अस्तराच्या कडा आणि त्यांच्यावर तो खाकी कागद, सगळं टोपलीत गेलं. आधी त्या मेलवरून रोज एक निरोप यायचा, तुमची जागा भरत आली आहे, आणखी घ्या. तो आता यायचा बंद झाला होता. वहिनींनी टोपली उचलली, गल्लीच्या टोकाला नेऊन रिकामी केली, आत काही अडकलं नाही ना म्हणून बुडावर थाप मारली आणि मग परत येऊन शटर ओढलं.